मुक्या पुराव्याला वाचा कोण देणार?

जुलै 2025 च्या उत्तरार्धात, अवघ्या दहा दिवसांच्या अंतराने, मुंबईतील दोन न्यायालयांनी दोन निकाल दिले. 21 जुलै रोजी उच्च न्यायालयाने 11 जुलै 2006 च्या उपनगरी रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातील सर्व बारा आरोपींची निर्दोष मुक्तता केली. 31 जुलै रोजी विशेष न्यायालयाने 29 सप्टेंबर 2008 च्या मालेगाव स्फोट खटल्यातील सातही आरोपींना निर्दोष ठरवले. अपेक्षेप्रमाणे दोन्ही निकालांवर वादळ उठले. ज्याला जो निकाल सोयीचा वाटला तो त्याने डोक्यावर घेतला आणि गैरसोयीचा वाटला त्याच्या नावाने बोटे मोडली. परंतु ही दोन निकालपत्रे शेजारी ठेवून शांतपणे वाचली, तर त्यांत एक समान धागा आढळतो. तो राजकारणाचा नाही, पुराव्याच्या हाताळणीचा आहे.

रेल्वे स्फोटांत 180 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. एकोणीस वर्षे खटला चालूनही, डब्यांत नेमक्या कोणत्या प्रकारचे बॉम्ब ठेवले होते हेसुद्धा अभियोग पक्षाला सिद्ध करता आले नाही, असे उच्च न्यायालयाने नमूद केले. कबुलीजबाब न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाहीत. जप्त केलेल्या स्फोटकांचे मोल तर अधिकच केविलवाण्या कारणाने शून्य झाले. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ती नीट मोहोरबंद अवस्थेत जपली गेली, हेच सिद्ध होऊ शकले नाही. पुढे 24 जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य प्रकरणांत दाखला म्हणून वापरला जाऊ नये, असा आदेश दिला; पण मुक्त झालेल्यांना पुन्हा कारागृहात धाडले नाही. मालेगावात सहा जणांचा बळी गेला होता. तेथेही घटनास्थळाच्या पंचनाम्यातील उणिवा, न घेतलेले बोटांचे ठसे, भेसळ झालेले नमुने आणि पूर्णपणे वाचता न आलेला दुचाकीचा क्रमांक यांवर न्यायालयाने बोट ठेवले.

म्हणजे काय झाले? एका बाजूला, ज्यांची माणसे गेली त्यांना आजही उत्तर मिळालेले नाही. दुसऱ्या बाजूला, जे न्यायालयात निर्दोष ठरले त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गजाआड गेली. तपास सदोष असला की अन्याय दोन्ही तीरांना धडका देतो. या अन्यायाचे खापर केवळ पोलिसांवर किंवा केवळ न्यायव्यवस्थेवर फोडून भागणार नाही. घटनास्थळावरचा रक्ताचा थेंब न्यायाधीशाच्या मेजापर्यंत निष्कलंक पोहोचवणारी माणसे या देशाने पुरेशी घडवलीच नाहीत, हे यामागील सत्य आहे. आणि माणसे घडतात ती शाळा-महाविद्यालयांत.

कायद्याने घातलेली मुदत

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून अमलात आली. तिच्या कलम 176 च्या तिसऱ्या पोटकलमाने एक मोठे पाऊल उचलले आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेस पात्र असलेल्या प्रत्येक गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा केलाच पाहिजे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण झाले पाहिजे. तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. कलम 105 ने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरणही अनिवार्य केले.

आता साधा हिशेब मांडावा. 2026 च्या जूनमध्ये न्यायसहायक विज्ञानाच्या तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घेणारा विद्यार्थी 2029 साली पदवीधर होईल. राज्यांना मिळालेली मुदतही नेमकी तेव्हाच सरत येईल. म्हणजे ज्या हातांवर हा कायदा पेलायचा आहे, ते हात या क्षणी महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जावर सही करीत आहेत. त्यांना तेथे काय शिकवले जाणार आहे, हा प्रश्न केवळ शिक्षणखात्याचा राहत नाही. तो गृहखात्याचा, विधी विभागाचा आणि प्रत्येक नागरिकाचा होतो.

केंद्राने या दिशेने काही भरीव केले आहे, हे मान्य केले पाहिजे. गांधीनगर येथे 2009 पासून कार्यरत असलेल्या गुजरातच्या विद्यापीठाचे 2020 साली राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात रूपांतर झाले आणि गोव्यासह देशात अनेक ठिकाणी त्याची संकुले उभी राहू लागली. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या क्षेत्राच्या पायाभूत सुविधांसाठी 2254.43 कोटी रुपयांची पंचवार्षिक योजना मंजूर केली. महाराष्ट्रात मुंबई आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे 2009 पासून शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था चालू आहेत आणि नागपूरलाही तशी संस्था आहे. जानेवारी 2025 पासून राज्यात फिरत्या प्रयोगशाळांची वाहने टप्प्याटप्प्याने रस्त्यावर येऊ लागली. वाहने पैसे टाकून विकत घेता येतात. त्यांत बसणारी माणसे मात्र बाजारात मिळत नाहीत.

जुना वारसा, नवी उदासीनता

हे शास्त्र आपल्याकडे परक्याने आणून बसवले, असे समजण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कंटकशोधन या चौथ्या अधिकरणात 'आशुमृतकपरीक्षा' नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. अकस्मात मरण पावलेल्या व्यक्तीच्या देहाला तेल लावून तो तपासावा. हातपाय सुजलेले, डोळे उघडे आणि गळ्यावर खुणा असतील तर श्वास कोंडून मृत्यू झाला असे समजावे, विषप्रयोगाची लक्षणे वेगळी ओळखावीत, असे तेथे तपशिलाने सांगितले आहे. एखाद्याला ठार करून मग टांगले आहे का, याची शंका घ्यायलाही कौटिल्य विसरत नाही. द्वेष, वारसा, धंद्यातील स्पर्धा, न्यायालयीन तंटा अशा हेतूंचा शोध घेण्यासही तो सांगतो. देहाची साक्ष आणि परिस्थितीची साक्ष यांची सांगड घातली पाहिजे, हे तपासाचे सूत्र त्या ग्रंथात स्पष्ट आहे.

आधुनिक काळातही भारताचे योगदान लहान नाही. 1897 साली कोलकात्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. तो जगातील असा पहिला विभाग मानला जातो. स्कॉटलंड यार्डने तो कित्ता 1901 मध्ये गिरवला. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. परंतु तिच्यामागील गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी मांडले होते. त्यांतील हक हे कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकलेले. पोलीस दलाला गणिताची बुद्धी हवी होती म्हणून हेन्रीने त्यांना थेट महाविद्यालयातून निवडून घेतले होते. लक्षावधी ठसे 1024 कप्प्यांत विभागून हवा तो ठसा काही मिनिटांत शोधण्याची युक्ती त्यातून जन्मली.

या प्रसंगातील बोध आजही ताजा आहे. महाविद्यालयातील विद्या आणि पोलीस ठाण्यातील गरज यांची गाठ पडली, तेव्हा जगाला मार्ग दाखवणारे काम झाले. स्वातंत्र्यानंतर ही गाठ सैल होत गेली. 1959 साली सागर विद्यापीठात गुन्हेशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञानाचा विभाग सुरू झाला, ही स्वागतार्ह सुरुवात होती. तथापि त्यानंतरची कित्येक दशके हा विषय मोजक्याच विद्यापीठांच्या कोपऱ्यात पडून राहिला. केवळ वारशाचे गोडवे गाऊन ही उदासीनता झाकता येणार नाही.

पडद्यावरचे शास्त्र आणि प्रत्यक्षातले

गेल्या काही वर्षांत चित्र पालटले, पण वेगळ्याच कारणाने. 1998 साली सुरू झालेल्या 'सी.आय.डी.' मालिकेने घराघरांत प्रयोगशाळा नेली. त्यातील तज्ज्ञ नळीत दोन थेंब टाकतो आणि जाहिरातींच्या आत खुनी सापडतो. या आकर्षणावर अनेक खासगी महाविद्यालयांनी अभ्यासक्रम उभे केले. बारावीनंतर 'फॉरेन्सिक' करायचे म्हणणाऱ्या मुलामुलींची, विशेषतः मुलींची, संख्या डोळ्यांत भरण्याजोगी वाढली. हा उत्साह हिणवण्याजोगा मुळीच नाही. मात्र त्याला सत्याची जोड दिली नाही, तर त्याचे रूपांतर वैफल्यात होते.

पालकांना पहिल्याच दिवशी काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. शवविच्छेदन हे वैद्यकीय पदवीधराचे, न्यायवैद्यक शास्त्राचे काम आहे. न्यायसहायक विज्ञानाच्या पदवीधराचे नव्हे. गुन्ह्याचा तपास करण्याचा अधिकार कायद्याने पोलीस अधिकाऱ्याला दिला आहे. तेथे पोहोचण्यासाठी लोकसेवा आयोगाचा दरवाजा वेगळा आहे. प्रयोगशाळेतील विश्लेषक बहुतेक वेळा आरोपीचे तोंडही पाहत नाही. त्याच्यासमोर येतो तो लाखेची मोहोर लावलेला पुडका आणि त्यासोबतचे प्रश्न विचारणारे पत्र. त्या पुडक्यातील वस्तू काय आहे, एवढेच त्याने सांगायचे असते. गुन्हेगार कोण, हे सांगायचे नसते. ही मर्यादा ओळखणे हा या विद्येचा पहिला धडा होय.

दुसरा धडा अधिक रूक्ष, पण अधिक मोलाचा आहे. रक्ताने भिजलेला कपडा ओला असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, तर त्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि जनुकीय नमुना कुजून जातो. तो सावलीत वाळवून कागदात बांधायचा असतो. ही माहिती पोलीस ठाण्यातील शिपायाला नसेल, तर कोट्यवधींचे यंत्र त्याची भरपाई करू शकत नाही. कोणती वस्तू कोणी, किती वाजता, कोणाच्या समक्ष उचलली. मुद्देमालाच्या खोलीत कोणी ठेवली. प्रयोगशाळेत कोणी नेली. तेव्हा मोहोर शाबूत होती का, या साखळीची एक कडी निसटली, की उरलेल्या सगळ्या कड्या निरुपयोगी ठरतात. 2008 साली नोएडात झालेल्या दुहेरी हत्येत पहिल्या दिवशी घराला बाजारपेठेचे रूप आले होते. दुसरा मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर असताना तो सापडला दुसऱ्या दिवशी. पुढे 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष मुक्त केले. सत्य काय, हे त्या पहिल्या चोवीस तासांत पायदळी तुडवले गेले ते कायमचेच.

विज्ञानाचा गर्वही घातक

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. विज्ञान खोटे बोलत नाही, हे वाक्य अर्धेच खरे आहे. विज्ञान वापरणारा माणूस चुकतो. 2004 च्या माद्रिद स्फोटांनंतर अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने एका अमेरिकी वकिलाचे बोटाचे ठसे स्फोटकांच्या पिशवीवरील ठशाशी जुळल्याचे ठामपणे सांगितले आणि त्याला अटक केली. तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे स्पेनच्या पोलिसांनी दाखवून दिले. 2015 साली त्याच संस्थेने कबूल केले, की केसांच्या सूक्ष्मदर्शकीय तुलनेबाबत तिच्या तज्ज्ञांनी दिलेल्या, तोवर तपासलेल्या साक्षींपैकी 90 टक्क्यांहून अधिक साक्षींत सदोष विधाने होती. जगातील सर्वाधिक साधनसंपन्न संस्थेची ही कथा.

आपल्याकडेही मागील दशकाच्या आधी नार्को चाचणीचे असेच अतोनात वेड होते. वाहिन्यांवर गुंगीतल्या आरोपींची बडबड दाखवली जाई आणि प्रेक्षक निकाल देऊन मोकळे होत. जून 2008 मध्ये पुण्यातील सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत् लहरींच्या चाचणीचा आधार घेतल्यावर जगभरच्या शास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. अखेर 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात स्पष्ट केले, की व्यक्तीच्या संमतीवाचून नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूलेख चाचणी करता येणार नाही. विद्यार्थ्याला चाचणी कशी करायची हे शिकवणे सोपे असते. ती कोठे थांबवायची, हे शिकवण्यासाठी राज्यघटना, पुराव्याचा कायदा आणि तर्कशास्त्र यांची शिदोरी लागते. म्हणूनच हा विषय केवळ रसायनशास्त्राचा शेपूट जोडलेला भाग म्हणून शिकवणे चुकीचे आहे.

काय करायला हवे?

सर्वप्रथम, प्रयोगशाळेवाचून चालणारे अभ्यासक्रम थांबवले पाहिजेत. चार जुने सूक्ष्मदर्शक आणि ठशांच्या शाईचा एक डबा एवढ्या भांडवलावर पदवी देणे ही विद्यार्थ्यांची आणि समाजाची फसवणूक आहे. प्रत्येक महाविद्यालयात कृत्रिम घटनास्थळाची खोली, मुद्देमाल जपण्याची व्यवस्था आणि संगणकीय पुराव्याची साधने असल्याखेरीज संलग्नता मिळू नये. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत तिचे अंकीय ठसामूल्य असलेले प्रमाणपत्र लागते. भ्रमणध्वनी आणि संगणक हेच आजचे घटनास्थळ झाले असताना ही साधने चैनीची म्हणता येणार नाहीत.

दुसरे, प्रत्येक विद्यार्थ्याने एक सत्र तीन ठिकाणी घालवले पाहिजे: पोलीस ठाण्यात, प्रयोगशाळेत आणि सत्र न्यायालयात. बचाव पक्षाचा निष्णात वकील उलटतपासणीत प्रयोगशाळेच्या अहवालाच्या चिंध्या कशा करतो, हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, तो पुढे आयुष्यात कधी अर्धवट नोंद ठेवणार नाही. अभिरूप न्यायालये विधी महाविद्यालयांत भरतातच. तेथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले, तर दोघांचेही शिक्षण होईल. तपास अधिकारी होऊ घातलेल्या उपनिरीक्षकांच्या प्रशिक्षणातही हीच विद्या याच दर्जाने शिकवली गेली पाहिजे. घटनास्थळी पहिला पोहोचतो तो पोलीस. तज्ज्ञ नंतर येतो.

तिसरे, या पदवीधरांना शासकीय सेवेत निश्चित स्थान हवे. प्रयोगशाळांतील वैज्ञानिक सहायक, सहायक रासायनिक विश्लेषक अशा पदांच्या सेवाप्रवेश नियमांत न्यायसहायक विज्ञानाच्या पदवीचा निरपवाद उल्लेख असावा आणि घटनास्थळावर जाणाऱ्या तज्ज्ञांची पदे कंत्राटी तत्त्वावर भरण्याचा मोह शासनाने टाळावा. आज केलेल्या पंचनाम्यावर आठ-दहा वर्षांनी साक्ष द्यावी लागते. अकरा महिन्यांच्या कराराचा माणूस तेव्हा कोठे शोधायचा?

चौथे, आणि सर्वांत नाजूक, म्हणजे वैज्ञानिकाचे स्वातंत्र्य. महाराष्ट्रातील न्यायसहायक प्रयोगशाळा गृह विभागाच्या अखत्यारीत आहेत. तपास करणारे पोलीसही त्याच विभागाचे. या व्यवस्थेत काम करणारे अधिकारी प्रामाणिक असतात, पण प्रामाणिकपणा व्यक्तीच्या भरवशावर सोडणे ही शहाण्या राज्याची रीत नव्हे. अहवाल तपासाला प्रतिकूल गेला तरी विश्लेषकाच्या बदलीची वा बढतीची दोरी कोणी ओढणार नाही, अशी रचना करावी लागेल. विद्यार्थ्याच्या मनावरही हेच बिंबले पाहिजे, की तो अभियोग पक्षाचा नोकर नाही आणि बचाव पक्षाचाही नाही. तो न्यायालयाचा साहाय्यक आहे. 'न्यायसहायक' या शब्दाचा अर्थच तो आहे.

काही जण म्हणतील, पोलिसांना मनुष्यबळ नाही, न्यायालयांत लाखो खटले तुंबले आहेत, तेथे हे महाविद्यालयीन शिक्षणाचे पुराण कशाला? आक्षेप वरवर व्यवहारी वाटतो. परंतु खटले तुंबण्याचे एक मोठे कारण प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रतीक्षा हेच असते आणि ते कोसळण्याचे एक मोठे कारण सदोष पंचनामा. शिक्षणावर आज न केलेला खर्च उद्या न्यायालयात, कारागृहात आणि उद्ध्वस्त कुटुंबांत वसूल होतो. तो व्याजासह होतो.

दहशतवादाशी लढणाऱ्या राष्ट्राला कठोर कायदे लागतात, शूर जवान लागतात, हे सर्वमान्य आहे. पण पकडलेला गुन्हेगार न्यायालयात टिकेल असा पुरावा नसेल, तर जवानाचे शौर्य वाया जाते. आणि पुरावा नसताना निरपराध माणूस पकडला गेला, तर खरा गुन्हेगार पुढच्या गुन्ह्यासाठी मोकळा राहतो. या दोन्ही अनर्थांच्या मध्ये उभा असतो हातमोजे घातलेला, वहीत वेळ टिपून ठेवणारा, मोहोर दोनदा तपासणारा एक तरुण पदवीधर. 2029 उजाडेल तेव्हा तो प्रत्येक तालुक्यात उभा असेल की नाही, याचा निर्णय कोणत्याही न्यायालयात होणार नाही. तो येत्या तीन वर्षांत महाविद्यालयांच्या वर्गात आणि मंत्रालयाच्या दालनात होणार आहे.